एकाच बांबूच्या जबान्या

महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात मी अमरावतीत वकिली करत होतो, म्हणजे काळा कोट घालून कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभा राहत होतो. सनद मिळून दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात पक्षकार म्हणून एकच माणूस माझ्याकडे चालत आला, आणि त्यालाही दुसऱ्या वकिलाचं घर हवं होतं.

त्याच सुमारास कँपातल्या एका रिकाम्या बंगल्यात सरकारचं नवं कार्यालय उघडलं. जपान्यांनी पकडलेल्या हिंदी शिपायांचे जे हाल केले, त्यांचा पुरावा जमवायचं काम त्या कार्यालयाकडे होतं. सुटून आलेले शिपाई आपापल्या गावी पोचले होते. त्यांना गाठायचं, जबानी घ्यायची, इंग्रजीत उतरवायची आणि तिकडे खटले चालत होते तिथं पाठवायची. इंग्रजी आणि वऱ्हाडी दोन्ही येणारा माणूस त्यांना पाहिजे होता. मी अर्ज केला आणि आठ दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं. हुद्दा होता आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांचा कनिष्ठ तपासनीस.

वडील शाळामास्तर होते. त्यांनी ते पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी सायकलवर निघालो की कोणीतरी ओट्यावरून ओरडायचं, "काय मंग, सापडला काय जपानी?" माझ्यासाठी एक स्थळही आलं. मुलीच्या वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, "नोकरी पक्की आहे ना?"

वडील म्हणाले, "गुन्ह्यांची चौकशी संपेपर्यंत आहे."

"मंग पक्कीच समजा," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली.

कार्यालयात आम्ही तिघं होतो. वर एक गोरा मेजर. त्याचं सगळं युद्ध मिसर देशात खेचरांची निगा राखण्यात गेलं होतं आणि जपानी माणूस त्यानं माझ्याइतकाच पाहिला होता, म्हणजे अजिबात नाही. मधे ज्येष्ठ तपासनीस. हे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, पिळदार मिशांचे. आपला एकही साक्षीदार आजवर फुटला नाही ही त्यांची ख्याती, आणि ती ते स्वतःच सांगत. आणि खाली मी.

कामाचं मुख्य हत्यार होतं एक छापील फॉर्म. त्यातले प्रश्न विलायतेत कोणीतरी शांतपणे खुर्चीत बसून काढलेले होते. 'मारहाणीच्या वेळी आरोपीच्या अंगावर कोणता गणवेश होता?' 'आरोपीस टोपणनाव होते काय?' अकोल्याला आम्ही पहिला मुक्काम टाकला तेव्हा एका शिपायाला मी हा टोपणनावाचा प्रश्न वाचून दाखवला.

तो म्हणाला, "होतं. पन सांगण्यासारखं नाई."

ज्येष्ठ साहेबांनी लिहिलं, 'साक्षीदारास टोपणनाव आठवत नाही.'

तहसील कचेरीतली एक खोली आम्हाला मिळाली होती. दिवस कंट्रोलचे, सगळं रेशनवर मिळायचे होते. सरकारी माणसं टेबल मांडून फॉर्म भरताहेत एवढं कळताच बाहेर बायाबापड्यांची रांग लागली. कोणाला रॉकेल पाहिजे होतं, कोणाला कापड. मी हात जोडून सांगत होतो की हे जपान्यांचं आहे. एका म्हातारीनं मला मधेच थांबवलं. "जपान्याइचं असू दे नाईतं कोनाचंई. कापड जाडंभरडं असलं तरी चालते मले." आणि मी अडवायच्या आत तिनं शाईत अंगठा बुडवून फॉर्मवर उठवला. तो कोरा फॉर्म ज्येष्ठ साहेबांनी फेकला नाही. कागदाची टंचाई आहे म्हणाले आणि जपून ठेवला.

त्यांची कामाची रीत मला तिथंच कळली. शिपाई समोर बसला की ते त्याचं नाव, गाव, पलटण विचारत आणि तेवढ्यावर जबानी लिहायला घेत. शिपाई बोलत राही, साहेब लिहीत राहत, आणि दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसे. संध्याकाळी मी नकला काढायला बसलो तेव्हा पाहिलं, की प्रत्येक माणसाला 'मनगटाएवढ्या जाड बांबूच्या काठीने, सायंकाळी पाचच्या सुमारास, काहीही कारण नसताना' मारलेलं होतं. मारणारा प्रत्येक वेळी 'ठेंगणा, चपट्या नाकाचा, क्रूर मुद्रेचा' होता.

मी भीत भीत म्हटलं, "साहेब, तो मघाचा माणूस तर म्हणत होता की त्याला उन्हात उभं केलं. काठीचं काही बोलला नाही."

"वकीलसाहेब," ते चष्मा पुसत म्हणाले, "साक्षीदाराले काय समजते? उन्हात उभं केलं म्हनून फाशी होते काय कोनाले? थो बिचारा हाल सोसून आला. आपन त्याची केस मजबूत नाई करायची तं कोन करन?"

ते मनापासून बोलत होते. हीच पंचाईत होती. त्या माणसांबद्दल त्यांना खरोखरच कळवळा होता, फक्त त्यांचं ऐकून घ्यायची त्यांना गरज वाटत नव्हती.

दोन महिन्यांनी वरून लखोटा आला. मेजरसाहेबानं आम्हाला बोलावलं. कोणा जागरूक अधिकाऱ्यानं विचारलं होतं, की अमरावतीच्या जबान्यांवरून एकच पहारेकरी, एकाच वेळी, शेकडो कोस लांब असलेल्या निरनिराळ्या बेटांवर, एकाच काठीनं मारताना दिसतो, हे कसं? मेजरनं कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाला, की एक तरी जबानी नव्यानं घ्या. ज्येष्ठ साहेबांना त्या दिवशी सर्दी झाली. म्हणून मी गेलो.

माणूस एलिचपूरजवळच्या एका खेड्यातला होता, जातीचा माळी. मूर्तिजापूरहून लहान गाडीनं एलिचपूर आणि तिथून दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, तासभर. तो वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होता. तिशीचा असेल, पण खांदे म्हाताऱ्याचे. मी त्याची जुनी जबानी वाचून दाखवली. बांबूची काठी आली तसा तो हसायला लागला.

"हे कोनाचं हाय?"

"तुमचं. खाली तुमची सही आहे."

"सही मायी हाय. बाकी कोनाचं हाय थे पाहा तुमी." त्यानं फावडं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि विचारलं, "खरं लिवता काय? लिवत असान तं बसा."

आम्ही बांधावर बसलो. त्याची बायको गुळाचा चहा देऊन गेली. मग त्यानं सांगितलं. सिंगापूर पडलं तेव्हा तो पकडला गेला. त्याच्यासोबत त्याच तुकडीत अकोटचा एक मित्र होता. दोघांना जहाजात कोंबून एका बेटावर नेलं. बाकीचे विमानाचा तळ करायला दगड वाहायचे. हा माळी आहे हे कळल्यावर पहारेकऱ्यांनी त्याला आपल्यासाठी भाजी लावायला बसवलं.

"म्हनजे मी सुखात होतो, सायेब. सावलीत काम. मित्र दगडं वाहून राह्यला अन् मी मिरच्या लावून राह्यलो. एक दिवस थो वाफ्याजवळून चालला. त्याचं तोंड पाह्यलं, अन् म्या एक रताळं उपटून त्याच्या हातात देल्लं. त्यानं मांगतलं नव्हतं. म्या देल्लं."

लंगडणाऱ्या एका पहारेकऱ्यानं ते पाहिलं. रताळं कोणी दिलं म्हणून तो विचारत राहिला, मित्रानं सांगितलं नाही. फावड्याच्या दांड्यानं मारलं. हा दहा पावलांवर उभा होता आणि हाही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मित्र गेला. त्या तीन दिवसांत चष्मा घालणारा एक पोरगेला पहारेकरी होता. हा पाणी घेऊन मित्राच्या झोपडीत शिरला की तो पाठ फिरवून समुद्राकडे पाहत उभा राही.

"थो चष्मेवाला जर पकडला असंल तं सोडा म्हना. लंगड्याले काय करायचं थे करा. अन् गुन्हेगाराच्या खान्यात पयले मायं नाव लिवा."

मी म्हटलं, "असं लिहिता येत नाही. कायद्यानं तुमचा गुन्हा होत नाही."

"काहून नाई होत?"

मी कायदा समजावला. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणी तरी माझ्याकडून कायदा ऐकून घेत होतं. तो सगळं ऐकून म्हणाला, "तुमी वकिली नका सांगू. मी बोललो थे लिवा."

फॉर्ममध्ये अशा गोष्टीला जागा नव्हती. मी कागद उलटला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्याच्याच शब्दांत लिहिलं. वाचून दाखवलं. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, मग सही केली.

मी उठलो तसा तो म्हणाला, "अकोटले त्याची माय हाय. येऊन चार महिने झाले, मी गेलो नाई. तुमी संगं येता काय? सरकारी मानूस असला तं मी पळनार नाई."

ते माझ्या कामात बसत नव्हतं. पण आतापर्यंत कामात बसणारं जे जे केलं होतं, त्याची मला लाजच वाटत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीनं अंजनगावावरून अकोटला गेलो.  वाटभर तो मांडीवर वांग्यांची टोपली घट्ट धरून बसला होता.

त्याच्या मित्राची आई जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जात असे. आम्ही पोचलो तेव्हा नुकतीच घरी आली होती, केसांत कापसाचं पांढरं बसलेलं. मुलगा आजारानं वारला असा सरकारी कागद तिच्याजवळ होता. माळ्यानं टोपली खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रताळ्याचं सांगितलं, गप्प राहिल्याचंही सांगितलं.

तिनं टोपलीतलं एक वांगं उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग विचारलं, "खाल्लं होतं काय त्यानं?"

"काय?"

"रताळं."

"अर्धं खाल्लं होतं, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. म्हणाली, "हात धुवा दोघंई. भाकरी टाकतो मी." माझ्या हातात नकळत पेन आलं होतं. तिनं ते पाहिलं. "हे बी लिवून राह्यले काय?" मी पेन खिशात घातलं.

अमरावतीला परतल्यावर ज्येष्ठ साहेबांनी मी घेतलेली जबानी वाचली आणि कपाळाला हात लावला. "साक्षीदार स्वताच म्हनते का मी आरोपी! अन् वरून एका जपान्याची तारीफ! हे पाठवलं तं सायेब आपल्या दोघाइले घरी पाठवन." त्यांनी इंग्रजी नकलेतून लाल पेन्सिलीनं चष्मेवाला काढला, रताळं काढलं आणि दांड्याच्या जागी बांबू घातला. आयुष्यात मी वरिष्ठाला डावलून तेव्हा पहिल्यांदा वर गेलो. मूळ कागदावरून पुन्हा इंग्रजी केलं, रताळ्याला शब्द आठवेना म्हणून ते तसंच ठेवलं, आणि तो नवा कागद सरळ मेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मेजरनं तो दोनदा वाचला. नंतर विचारलं, "रताळं म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यानं समासात स्वतःच्या हातानं त्याचा इंग्रजी शब्द नीट लिहिला आणि कागद पुढे पाठवला.

पावसाळ्याच्या आधी आमचं कार्यालय बंद झालं. ज्येष्ठ साहेबांना सर्वात जास्त जबान्या घेतल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या दाखल्यात मी वेळेवर येत असे असं लिहिलं होतं. त्याच बंगल्यात आवराआवर चालू असताना वरून शेवटचा लखोटा आला. लंगडा पहारेकरी दुसऱ्या एका खटल्यात आधीच शिक्षा भोगत होता. चष्मेवाला युद्ध संपल्यापासून कोठडीत होता, त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं. आमच्या जबानीवरून त्याला सोडलं. जपान्यांना पकडण्यासाठी उघडलेल्या आमच्या कार्यालयानं एकही पकडला नाही. एक सोडवला मात्र. घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी ही बातमी गल्लीत काढू नकोस म्हणून बजावलं.

मी मात्र पुन्हा एलिचपूरची लहान गाडी धरली. माळी तेव्हा बाजारासाठी झेंडूची फुलं तोडत होता. मी लखोट्यातलं सगळं सांगितलं. त्यानं लंगड्याबद्दल काही विचारलं नाही.

"चष्मेवाला घरी पोचला असंल?" तो म्हणाला.

"ते त्यांनी कळवलं नाही."

"पोचला असंल," असं म्हणून तो पुन्हा फुलं तोडायला लागला. मग बांधावरची दुसरी टोपली पायानं माझ्याकडे सारून म्हणाला, "बसून काहून राह्यले? इकडून तोडा. अकोटची मावशी येऊन राह्यली आज, तिच्यासाठी लवकर उरकायचं हाय."