कामाची गोळी

३ एप्रिल १९८६, गुरुवार. अंगदुखीच्या गोळ्यांचा डबा, नऊ रुपये चाळीस पैसे. मी सोसायटीचा सेक्रेटरी; दुकानातली ही विक्री माझ्या हातची. रोजगार हमीच्या कामावरचा मुकादम महारुद्र दर गुरुवारी असा एक डबा नेई.

सकाळी हजेरी घेताना तो खडी फोडणाऱ्या प्रत्येक बाईच्या तळहातावर एक गोळी ठेवी. ती गिळायची आणि हातोडा उचलायचा. माकणीची बनाबाई त्यांतलीच. पाऊस नव्हता, घर तिच्या हजेरीवर चालत होतं. अंगावरून फार जाई, तरी तिनं खाडा केला नाही.

शेवटी गर्भपिशवी काढायचं ठरलं. नवरा पिराजी शहराला बुजायचा, म्हणून सोलापूरच्या दवाखान्यात मीही सोबत गेलो. काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय." मी शेजारीच उभा होतो.

ऑपरेशननंतर रक्त थांबेना. रक्तपेढीनं बदली रक्ताच्या बोलीवर दोन बाटल्या दिल्या. एक पिराजीनं तिथंच भरून दिली. दुसरी नंतर येऊन भरून देईन, अशी मी सही केली.

तिसऱ्या दिवशी पिराजीच्या बोलण्यात गोळी आली. डॉक्टर चिडले.

"बाई, रोज गोळी खात होतात, मग सांगितलं का नाही?"

"ती कुठं औषध हाय, साहेब? ती कामाची गोळी. हजेरीसंगं मिळती."

मग त्यांनी मला समजावलं. रक्तात बारीक बिंबाणू असतात. जखम झाली की ते आपल्याच अंगातल्या चरबीपासून एक द्रव्य करतात, त्यानं एकमेकांना चिकटतात आणि रक्त गोठतं. ही गोळी ते द्रव्य होऊच देत नाही. एकदा निकामी झालेला बिंबाणू सुधारत नाही. नवे भरून यायला आठ-दहा दिवस लागतात. आधी कळलं असतं तर ऑपरेशन तेवढं पुढं ढकललं असतं.

बनाबाई वाचली, पण तिच्यानं हातोडा उचलवेना. महारुद्रनं तिचं नाव कमी केलं. पुढच्या गुरुवारी तो दुकानात आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"गोळी बंद केल्यावर खडी तुम्ही फोडणार का, सेक्रेटरी?"

मी डबा दिला.

बनाबाई दिसली की विचारायची, "भाऊ, ती बाटली फिटली का?" मी मार्चअखेर, ऑडिट असं काहीबाही सांगायचो. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली.

रक्तपेढीची एक बाटली देणं आहे.