यावेळेपुरता राक्षस

बुवा स्टेजवर चढण्याआधी चपला काढायचा. त्या जोडीने भिंतीशी नीट लावून ठेवायचा, पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवायचा. मग डोळे मिटून आपल्या गाण्याच्या बाईंचं नाव पुटपुटायचा आणि कानाच्या पाळीला हात लावायचा. गुरूचं नाव घेताना लावतात तसा. एवढं झालं की काळं फासलेल्या तोंडाने माइकसमोर जाऊन असा काही गुरगुरायचा की पुढच्या रांगेतली पोरं अर्धं पाऊल मागे सरकायची. आमचा हेवी मेटल बँड, नाव ‘खवीस’. मी त्यात बेस गिटार वाजवायचे. बुवा गायचा. म्हणजे, बदली म्हणून गायचा.

ही बदली सहा वर्षं चालली.

आमची प्रॅक्टिस डोंबिवलीच्या एमआयडीसीत, सावियोच्या काकांच्या रिकाम्या गाळ्यात व्हायची. सावियो आमचा गिटारवाला, ठाण्याचा, भांडताना माझ्याहून शुद्ध मराठी बोलणारा. शेजारी केमिकलचं युनिट होतं. एका रविवारी तिथला केमिस्ट दारात येऊन उभा राहिला. अंगात लॅबकोट, गळ्याला मफलर, महिना मे. आवाजाची तक्रार घेऊन आला असणार, म्हणून मी बाह्या सरसावल्या. तर म्हणतो कसा, “माफ करा हं, तुमचे गायक घशातून ओरडतायत. बेंबीतून यायला हवं. घसा जाईल हो त्यांचा.” आमचा तेव्हाचा गायक भडकला. “मग तूच करून दाखव ना, काका.” काकाने करून दाखवलं. ट्यूबलाइट थरथरली असं सावियो अजून सांगतो. ती आधीपासूनच थरथरत होती, पण मी हरकत घेत नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्या गायकाचा घसा खरोखर बसला, आणि ठाण्याचा शो तोंडावर आलेला. मग त्या केमिस्टलाच, म्हणजे बुवालाच, गळ घातली.

बुवाला नाही म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात. याच्या घरी ती कायमची माहेरपणाला आलेली. “यावेळेपुरतं हं,” तो म्हणाला. पुढच्या शोलाही तेच म्हणाला, त्याच्या पुढच्यालाही. पोस्टरवर आपल्या नावाऐवजी ‘बदली’ एवढंच लिहावं, असा त्याचा आग्रह. आम्ही लिहिलं. पोरांना वाटलं, हे राक्षसाचंच नाव. “बदली! बदली!” असा पुकारा व्हायचा आणि बुवा खाली बघत लाजायचा. बुवा हे नाव मात्र आम्ही दिलेलं. दही नको, वडापावची चटणी नको, पंख्याखाली बसायचं नाही, असल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

सगळ्यांना अहो-जाहो करायचा, मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान असून मलाही. आमच्या एका गाण्यात ‘रक्त पी’ असं होतं. तो प्रॅक्टिसला आला आणि म्हणाला, “हे ‘रक्त प्या’ केलं तर चालेल का? समोर काही मोठी माणसंही असतात.” दोन गाण्यांच्या मध्ये तोच भयाण चेहरा घेऊन विचारायचा, “सगळे जेवलात ना? पाणी पीत राहा, उकडतंय.” पोरं बेभान व्हायची. त्यांना तो धमकी देतोय असं वाटायचं.

आणि कानाचं तर विचारूच नका. त्याने बाईंचं नाव घेऊन कानाला हात लावला की समोरची पन्नास-साठ पोरंही लावायला लागली. दुसऱ्या बँडचे चाहते बोटांची शिंगं करतात, आमच्यांनी कानाची पाळी धरली. हे कशाचं चिन्ह, यावर कळव्यापासून कल्याणपर्यंत वाद होते. एकाने मला खात्रीने सांगितलं की जगाचा आवाज बंद करून आतला राक्षस ऐकायचा, असा त्याचा अर्थ आहे. मी म्हटलं, असेल बाबा.

खरं तर बुवाला राक्षस व्हायचंच नव्हतं. त्याला भावगीत गायचं होतं. एक, फक्त एक, बाईंसमोर. डोंबिवली पूर्वेला बाईंचा क्लास, दोन खोल्यांत चाळीस वर्षं चाललेला. दर गुरुपौर्णिमेला सगळे शिष्य गायचे आणि बुवा मागे बसून तंबोरा धरायचा. चौदा वर्षं. “बाई म्हणतात, आधी खर्ज भर,” तो सांगायचा. म्हणून रोज पहाटे तासभर सगळ्यात खालचा सा लावून बसायचा. त्याच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की आधी पंपाची तक्रार करायचं.

त्याचं भावगीत मी ऐकलंय. गाळ्यात एकदा त्याने म्हणून दाखवलं, डोळे भरून आले होते त्याचे. आवाज खाली असेपर्यंत ठीक. वर चढला की भिजलेल्या फटाक्यासारखा फुस्स. सावियो म्हणाला, “छान.” मी म्हटलं, “चहा घेऊ या.” बाईंना मात्र बँडचा पत्ता नव्हता. “त्यांना कळलं तर मला कधीच गाऊ देणार नाहीत हो,” असं तो प्रत्येक शोच्या आधी म्हणायचा.

मला त्याने एकच गोष्ट शिकवली. मी वाजवताना पळायचे, सगळ्यांच्या आधी पोचायचे. तो म्हणाला, “अहो, सम कुठे पळून जात नाही. निवांत पोचा.” त्यानंतर मी नीट वाजवायला लागले. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसूनही मी हेच मनात म्हणत होते.

शेवटी बाईंनी क्लास बंद करून मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं. शेवटची गुरुपौर्णिमा. त्या बुवाला म्हणाल्या, “यंदा तू गा.” त्याने तीन महिने ज्येष्ठमध चघळला. शाळेच्या हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम, गजरे, अत्तर, बशीतले पोहे. सावियो आणि मी शेवटच्या रांगेत बसलो. बघते तर काय, दारातून काळ्या टीशर्टवाली तीसेक पोरं आत येतायत! कुठल्या तरी शहाण्याने निमंत्रणपत्रिकेचा फोटो आमच्या पेजवर टाकलेला, ‘बदली लाइव्ह, डोंबिवली पूर्व’. तो शहाणा म्हणजे सावियो. त्याला वाटलं, टाळ्यांना चार माणसं बरी. दारातल्या काकूंनी पोरांना बूट काढायला लावले, तीही गुपचूप मांडी घालून बसली.

बुवाने बाईंचं नाव घेतलं, कानाला हात लावला. मागे तीस हात तीस कानांना गेले. बाईंनी ते पाहिलं.

मग त्याने भावगीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मला रडू आलं, उगाच कशाला लपवू?

“ही मंडळी कोण?” बाईंनी विचारलं. बुवाने मान खाली घालून सहा वर्षं दोन वाक्यांत सांगून टाकली.

“मग ते गा.”

“बाई, त्याला गाणं नाही म्हणता येणार.”

“ते मी ठरवीन. तंबोरा चालू ठेवा गं.”

बुवा गायला. तंबोऱ्यावर, पांढऱ्या झब्ब्यात, आमचं सगळ्यात भयंकर गाणं. रक्त प्या, अस्थी चावा, सगळं. पोह्यांच्या बशा हातातच राहिल्या. बाई डोळे मिटून मांडीवर ताल धरून होत्या. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“श्वास स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “खर्ज तर असा मी कुणाचाच तयार केला नाही. शब्द खातोस, तेवढं सुधार.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “भावगीत तुझं नाही रे. हे मी चौदा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तू इतक्या श्रद्धेने यायचास, मला भीड पडली.”

बुवाने वाकून नमस्कार केला. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, ते मला नीट सांगता येत नाही. त्याचं काहीतरी गेलं होतं आणि काहीतरी मिळालंही होतं. बाहेर येऊन एवढंच म्हणाला, “पोस्टरवरचं ‘बदली’ काढा आता.”

आम्ही काढलं. त्यानंतर तो तीनच शो गायला. शब्द अगदी स्वच्छ यायला लागले, त्यामुळे दोन ठिकाणी आयोजकांनी आक्षेप घेतला. मग त्याचं युनिट गुजरातेत हललं आणि युनिटबरोबर तोही गेला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “येतो. घाई करू नका.” तिथल्या सोसायटीतही आता पंपाची तक्रार आहे, असं फोनवर सांगत होता.

मी कुणाचा गंडा बांधलेला नाही, गाण्याच्या क्लासची पायरी चढलेली नाही. पण हे लिहायला बसले आणि बुवाचं नाव आलं की उजवा हात आपोआप कानाकडे जातोय. बाकीचं डाव्या हाताने टाइप करावं लागलं, त्यामुळे एवढ्याशा मजकुराला तीन दिवस लागले.