मागचे दोन पाटे

त्या वर्षी मला जीपचा अगदी वीट आला होता. येडशीतून शाळेत शिकवायला निघाले की पुलाआधीच्या खड्ड्यात पुढचं चाक आदळायचं आणि स्टेअरिंग हातात थडाथडा हलायला लागायचं. साधी थरथर नव्हे. बॉनेट, आरसा, माझे दात, सगळंच हलायचं. ब्रेक दाबून गाडी पार रांगायला लावली की मग कुठं ते थांबायचं. मी कडेला उभी राहून घाम पुसायची, दोन शिव्या हासडायची आणि पुन्हा निघायची.

जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिच्यावर त्यांनी येडशी ते तुळजापूर वडाप केलं, माणसं कोंबून ने-आण केली आणि त्यातच आम्हा भावंडांना शिकवलं. गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, हा वडापवाल्यांचा कायदा. शेवटचा माणूस बसला की अण्णा दारावर थाप मारायचे, "भरली, चला!" आता गुडघ्यांनी त्यांना बाजेवर बसवलं होतं. आई गेलेली, भाऊ पुण्यात, घरात आम्ही दोघंच.

अण्णांचं मागणं एकच होतं. येत्या पौर्णिमेला देवीला जायचं आणि ते आपल्याच जीपमधून. भाऊ फोनवर म्हणायचा, "भंगारात घाल ती. मी चांगली गाडी करून देतो." हे अण्णांच्या कानावर गेलं की ते ताटावरून अर्ध्यात उठायचे. आणि मला भीती, की या डबड्यात म्हाताऱ्या माणसाला घालून हमरस्त्याला लागायचं कसं?

गॅरेजात मी इतक्या खेपा घातल्या की तिथलं कुत्रंही माझ्यावर भुंकायचं बंद झालं. टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, टाय रॉडची झिजलेली टोकं नवी टाकली, बेअरिंगं आवळली. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी मेकॅनिकही कंटाळला. "मॅडम, जुनी गाडी हाय, सांभाळून घ्या." सांभाळूनच तर घेत होते. शाळा, अण्णांची औषधं, स्वयंपाक आणि वर ही जीप.

संध्याकाळी अण्णा विचारायचे, "हलली का?"

"हलली."

"माझ्या हातात कधीच हलली न्हाय बग."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हणालेच, "मग तुम्हीच चालवा." ते हसले. त्याचा तर आणखीच राग आला.

मग एका रविवारी चुलत्यांची सोयाबीनची पोती आडतीवर पोचवायची होती. मागं पोती रचली आणि निघाले. सवयीनं त्या खड्ड्याआधी दात आवळले. चाक आदळलं आणि काहीच झालं नाही. पोती उतरवून रिकामी परत आले, तर त्याच खड्ड्यात स्टेअरिंग पुन्हा पिसाळलं.

घरी येऊन जीप अंगणात सपाट जागी लावली आणि लांब जाऊन तिला बाजूनं बघत बसले. मागून उंच, पुढून नाक खाली. इतकी वर्षं पाहत होते, पण नजरेत कधी भरलं नव्हतं.

"अण्णा, मागच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा लोखंडी पाटे घातलेत का?"

"व्हय. दोन. पौर्णिमेला माणसं मागं लोंबकळायची, गाडी भुईला टेकायची. मग काय करणार?"

सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ धावतं. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो. मागं माणसं असली की जीप सपाट बसायची आणि तो कल जागेवर राहायचा. रिकामी असली की मागचं बूड वर, कल मोडलेला, आणि खड्डा हे नुसतं निमित्त. अण्णा खरंच बोलत होते. त्यांच्या हातात ती कधी रिकामी नव्हतीच.

"ते पाटे काढावे लागतील," मी म्हणाले.

अण्णांनी जीपकडे पाहिलं. "म्हंजे मागं आता कुणी बसायचं न्हाय?"

"आपण दोघंच आहोत, अण्णा."

"काढ," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला रडू आलं, पण भाकऱ्या थापायच्या होत्या.

पाटे काढल्यावर मी त्या खड्ड्यावरून मुद्दाम पुन्हा पुन्हा गेले. जीप निमूट चालली.

पौर्णिमेला सकाळी अण्णांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. खड्डा आला, मी स्टेअरिंग घट्ट धरलं, काही झालं नाही. अण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते मान वळवून मागची रिकामी बाकं बघत होते.

फाट्यावर दोन बायका एसटीची वाट बघत उभ्या होत्या, हातात नारळाच्या पिशव्या. अण्णा म्हणाले, "थांब."

"अण्णा, पाटे काढलेत."

"दोघीच तर हायत."

मी थांबले. बायका मागं चढल्या, पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या. बाकांवर अजून पुष्कळ जागा होती. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर थाप मारली.

"भरली," ते म्हणाले. "चल, माय."