नदीपलीकडचा झोका

ओतिलिया कांतूने चाळीस वर्षांत तीन पुस्तकं छापली आणि सहा सिनेमे काढले, सगळे स्वतःच्या हिमतीवर. पुस्तकं मोटारीच्या डिकीतून विकायची. सिनेमात कामाला गावातलीच माणसं, कारण ती पैशांऐवजी तमालेंवर, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांवर, खूश असायची. टेक्सासच्या टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी बसून असले उद्योग करणारी बाई एकतर वेडी किंवा हट्टी. गावाचं मत, दोन्ही.

तिची एक रीत होती. एखाद्याचं चित्रण संपलं की उठून त्या माणसाच्या कपाळाला हात लावायचा. आमच्याकडे कुणाचं मूल डोळ्यांत भरलं तर हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत, नाहीतर दृष्ट लागते. आणि कॅमेऱ्याइतकं टक लावून कोण बघतं?

सातव्या सिनेमात मात्र घोळ झाला. पलीकडे, मेक्सिकोच्या काठावर, एक मुलगी झाडाला टांगलेल्या टायरवर झोके घेत होती, पाठमोरी. ओतिलियाने अलीकडून चार मिनिटं टिपली. मधे नदी, हात लावणार कसा? त्याच दृश्यावर भाळून सॅन अँटोनियोच्या एका महोत्सवाने सिनेमा घेतला. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता. उभ्या आयुष्यात तिला असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

रोज दुपारी चारला ती संकलनाला बसे. तिसऱ्या दिवशी वाटलं, मुलीची मान जरा वळलीय. चौथ्या दिवशी गाल दिसला. पाचव्या दिवशी मुलगी थेट तिच्याकडे बघत होती.

नव्वदीच्या चोले आत्याने सगळं ऐकून घेतलं. “कौतुक केलंस आणि हात न लावता आलीस? लेखिका आहेस का घुबड गं?” मग आवाज उतरवून म्हणाली, “जा, हात लाव. पण मग ती तुझ्या पडद्यावर राहायची नाही.”

दोन दिवस ओतिलिया दार लावून तेच दृश्य बघत बसली. गावाने तिचं कुठलंसं प्रेमप्रकरण मोडल्याची आवई उठवली. तिसऱ्या दिवशी ती पूल ओलांडून त्या मुलीच्या घरी गेली.

मुलीचं नाव नायेली. आई सांगत होती, रोज चारला ताप चढतो. डॉक्टर झाले, दृष्ट काढायला अंगावरून अंडं उतरवून झालं. गेले दोन दिवस तर पोर उठलेली नाही.

ओतिलियाने तिच्या कपाळावर तळहात टेकला. बराच वेळ. नायेलीने डोळे उघडले.

“तूच का ती? किती बघतेस गं. दमले मी.”

घरी येऊन ते दृश्य पाहिलं तर पडद्यावर टायर उंच जात होता, दोर ताणलेला, वर कुणीच नाही.

महोत्सववाल्यांनी फोनवर विचारलं, मुलगी कुठे गेली?

“घरी,” ओतिलिया म्हणाली. त्यांनी सिनेमा वगळला.

मग तो चर्चच्या हॉलमध्ये लागला. मोठी माणसं कुरकुरली, रिकामा टायर काय चार मिनिटं दाखवायचा? पुढच्या रांगेतली पोरं मात्र पडद्याकडे बघून हात हलवत होती.