पानावर ४.२, काळ्या पडद्यावर ३.८

चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी दिसली होती. दीड वर्ष मी दिसली नसल्यासारखा वागलो.

रामदासपेठेतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी कम्प्युटर सांभाळतो. आमच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत. एक ब्राउझरमध्ये उघडणारं पान, जे सगळे बघतात. दुसरा सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, जो मशीनमधून आलेला आकडा पेशंटच्या नावाला जोडतो. त्याला काही विचारायचं तर काळ्या पडद्यावर कमांड टाइप करावी लागते. ते काम फक्त माझं. जुना प्रोग्राम ट्रेमधल्या रक्ताच्या नळ्यांच्या क्रमाने नावं जोडायचा, म्हणून भरलेल्या ट्रेमध्ये मध्येच नळी घालायची नाही असा आमच्याकडे कडक नियम होता. नवा प्रोग्राम नळीवरचा बारकोड वाचणार होता.

एका रविवारी मी नवी आवृत्ती टाकली. पानाच्या तळाशी ४.२ उमटलं. सवयीने काळ्या पडद्यावरही विचारलं, तर तिथे जुनाच आकडा, ३.८. पुन्हा विचारलं. पुन्हा ३.८. घरी पाहुणे यायचे होते. कुठली तरी जुनी फाइल उत्तर देत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोमवारी सगळ्यांना सांगून टाकलं, आता क्रमाची काळजी नको, मध्ये नळी घातली तरी चालेल.

गुरुवारी आमच्या सर्वांत जुन्या टेक्निशियन ताईंनी माझ्या शब्दावर एक अर्जंट नळी मध्ये घातली. पुढची सगळी नावं एकेक घर सरकली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दुसऱ्याच्या साखरेचा आकडा गेला. त्यांचं इन्सुलिन वाढवलं गेलं आणि ते घरात बेशुद्ध होऊन पडले. ते वाचले, पण नंतर मुलांची नावं अडखळत घ्यायचे म्हणे.

चौकशी झाली. ताईंनी आपलं रजिस्टर पुढे ठेवलं. कुठली नळी कोणाची, सगळं त्यांच्या हातचं, बरोबर. ‘‘हे मागाहूनही लिहिता येतं,’’ लॅबचे डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी पानाची प्रिंट काढून नेली होती. ४.२ भोवती लाल पेनने गोल केला होता, म्हणजे नवा प्रोग्राम चालू होता आणि क्रमाचा प्रश्नच नव्हता.

ताईंनी मला विचारलं, ‘‘भाऊ, तुमच्या त्या काळ्या पडद्यावर पायलं ना?’’

‘‘पाहिलं,’’ मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

नळ्या अदलाबदल केल्याचा ठपका ठेवून त्यांना काढलं. डब्याच्या सुट्टीत कोणी म्हणालं, ‘‘बाईले दिसत नाही, पण चष्मा लावाले लाज वाटते.’’ सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी मी एकटा आलो. मागचा प्रोग्राम मी बदललाच नव्हता, फक्त पान बदललं होतं. तो बदलला. दोन्हीकडे ४.२ आलं. त्यानंतर तशी चूक कधी झाली नाही, आणि ताई गेल्या म्हणून चुका थांबल्या असं सगळे म्हणू लागले. मी ते रोज ऐकत होतो.

या हिवाळ्यात शेअर ऑटोने कामठीला गेलो. ताई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुसरीकडे कुठे त्यांना काम मिळालं नव्हतं. नव्या ठिकाणाहून फोन करून विचारलं, की आमच्या लॅबमधून नळ्या बदलल्याचंच उत्तर जायचं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

‘‘मंग मले काहून सांगून राहिले जी? मले तं माहीतच होतं.’’

त्यांनी पुढची शेंग उचलली.

‘‘ज्याइले नाही माहीत, त्याइले सांगा. सकाळी ट्रे लागते तवा सारे असतात. मी येईन ऐकाले.’’

सोमवारी त्या आल्या. पूर्वी ड्युटीवर यायच्या तशीच इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले. आत मात्र आल्या नाहीत, दारातच थांबल्या. ट्रे भरून झाला होता. डॉक्टर होते, तो चष्म्यावरून बोलणाराही होता. मी ताईंचं रजिस्टर आणि ती लाल गोलाची प्रिंट टेबलावर ठेवली.

‘‘ताईंनी नळ्या बदलल्या नव्हत्या. मध्ये नळी घाला असं मीच सांगितलं होतं. मला त्या रविवारी दोन आकडे दिसले होते, मी तुम्हाला एकच दाखवला. ताई, मी खोटं वागलो. मला माफ करा.’’