रूळ नसलेली गाडी

हसणार न्हाई म्हणत असाल तरच सांगतो. हसणारच तुम्ही, पण सांगितल्याशिवाय मला बी चैन पडायची न्हाई!

आमच्या सुमीला बघायला खानापूरचे पावणे बायको-पोराला घेऊन रामनगरला आले. पोरगा डोंगर चढायच्या नादाचा. म्हणाला, "घरात पोहे खात बसून काय कळणार? कॅसलरॉकच्या त्या वाटेनं चढून येऊ की समदी!" सुमी लगेच बूट घालून तयार. बायको माझ्या कानात म्हणाली, "अहो, स्थळ लाखात एक हाय. तोंड जरा आवरा." तोंड आवरलं हो मी. पाय कुठं आवरले?

ही वाट म्हणजे जुनी रेल्वे. पूर्वी डोंगरावरनं लाकडं भरलेल्या ट्रॉल्या खाली सोडायचे. रूळ कवाच काढून नेले, नुसते रुळाखालचे आडवे स्लीपर राहिलेत. त्याच पायऱ्या. चढ असला खडा, की गुडघा हनवटीला लागतोय!

आणि माझे बाबा रेल्वेत गँगमन, रूळ तपासत फिरायचे. ल्हानपणी त्यांच्यासंगं रुळातनं चालायचो. त्यांची शिकवण एकच. शिट्टी ऐकली की आधी उडी, विचार मागनं.

आम्ही अर्ध्या चढावर, आणि खाली घाटात गोव्याच्या गाडीनं लांब शिट्टी मारली. झालं! "गाडीऽऽ! रूळ सोडा!" म्हणत मी पावण्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांच्यासकट झुडपात! पावणे बी लोंढ्याच्या रेल्वे लायनीकडेला वाढलेले. "उडी मार गं!" म्हणून त्यांनी बायकोला ओढलं, तिनं माझ्या बायकोला. चौघं बी आडवी, डोकी खाली.

"मालगाडी असंल," पावणे कुजबुजले. "येळ लागंल."

"व्हय. चढ हाय न्हवं."

वरनं सुमी ओरडली, "बाबा, काय करूलायसा?"

"अगं, बाजूला हो! गाडी येतीया!"

"कशावरनं?"

मी डोकं वर काढलं. पोरगा स्लीपरवर बसून पोट धरून हसत होता.

बरं, झुडूप तरी साधं असावं? खाजकुयलीचं! पावण्यांनी शर्ट काढून झाडाला पाठ घासायला घेतली. त्यांच्या मंडळी पदरानं मान चोळतायत. माझी बायको एका हातानं डोळे पुसतीया, दुसऱ्यानं खाजवतीया. "स्थळ गेलं!" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली उतरून आम्ही कॅसलरॉक स्टेशनात रूळ ओलांडत होतो. परत शिट्टी! सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, आता काय फसत न्हाई! कमरेवर हात ठेवून मधोमध उभा राहिलो. वर जरा हसलो बी.

पावण्यांनी कॉलर धरून मला खस्सकन ओढलं. पाठीमागनं इंजिन धडधडत गेलं.

धापा टाकत, खाजवत ते बायकोला म्हणाले, "पहिला मुहूर्त निघंल तो धर! ह्यो माणूस नसलेल्या गाडीला उडी मारतोय आणि असलेल्या गाडीम्होरं हसत उभा ऱ्हातोय. पोरीला ह्या घरातनं लवकर बाहेर काढलं पायजे!"