फुगलेला कपॅसिटर आणि गुरुजींचा डोळा

मी एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. फिजिक्सच्या मुलांच्या हातात मल्टिमीटर द्यायचा आणि तास संपल्यावर तो धड परत घ्यायचा, हे माझं काम. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचतो आणि मनातल्या मनात म्हणतो – मांजर असेल, वायरिंग असेल, नाहीतर रात्री जेवण जास्त झालं असेल. आता स्वतःच लिहायला बसलोय. माझ्या अनुभवात पांढऱ्या साडीतली बाई नाही, वडाचं झाड नाही. एक जळालेला कपॅसिटर आहे. हसायचं तर हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

आमचं घर जुळे सोलापुरात. खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीवर थेट स्लॅब, त्यामुळे मे महिन्यात दुपारी तिथे उशी पण गरम लागते. म्हणून त्या खोलीत एसी आहे. बदली होऊन गेलेल्या एका सरांकडून घेतलेला, जुना. त्याची सगळी दुरुस्ती मीच करतो. व्हिडिओ बघून शिकलो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे भाग ठेवतो – कपॅसिटर, सेन्सर, पंख्याचं पातं, जाळी, स्क्रू. बायको म्हणते, इतके भाग आहेत की उरलेला एसी तेवढा आणायचा राहिलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पावडरच्या डब्यासारखा एक छोटा डबा असतो, तो कपॅसिटर. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला तो जोर देतो. आपल्या उन्हात तो फुगतो, आणि मग आतून नुसता वारा येतो, गारवा नाही. मेन स्विच पाडायचा, जुन्यात साठलेला करंट उतरवायचा, त्याच मापाचा नवा बसवायचा. झालं.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक फुगला, मी बदलला. जुना टाकायच्या कंटाळ्याने डब्यातच राहिला. मग आली खंडेनवमी. आई दरवर्षी घरातली हत्यारं पुजते. वडील होते तेव्हा कुदळ, खुरपं असायचं; आता माझे पाने, पक्कड, मल्टिमीटर. त्या वर्षी तिने सगळ्यांच्या मधोमध तो फुगलेला कपॅसिटर उभा केला. हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"आई, तो जळालाय."

"मग काय झालं? इतकी वर्सं गार ठिवलं न्हाय व्हय त्यानं तुला? आन् जळाला बी तुज्यासाठीच की."

बी.एस्सी. झालेल्या हाताने मी त्याच्यासमोर उदबत्ती लावली.

आता गुरुजींबद्दल. वैरागजवळ आमचं खेडं, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला. चौथीत मला गुरुजी भेटले आणि पुढे त्यांनी मला सोडलंच नाही. बारावीनंतर एस.टी.त शेजारी बसवून सोलापूरला आणलं, कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेला मी पहिला, तो या माणसामुळे. वर्गात अंगात येणाऱ्या बाईची गोष्ट कुणी सांगितली की गुरुजी विचारायचे, "तू पाहिलंस? किती वेळा?"

या मे महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना मूलबाळ नाही, काकू गेल्यात. मी म्हटलं, आठ दिवस माझ्याकडेच राहायचं, एसीच्या खोलीत. बायको-मुलगी अकलूजला माहेरी होत्या, खोली मोकळीच होती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्यासाठी काही करता येणार होतं. हौसेने खोली झाडली, आणि आई गुरुवारची अक्कलकोटला गेलेली असताना सगळं भंगार देऊन टाकलं. त्यात तो कपॅसिटरही गेला.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बजावलं – डोळ्यात पाणी नको, धूळ नको, घाम तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि अकराच्या सुमारास मी गुरुजींना रिक्षातून घरी आणलं. एसी लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं... गरम वारा.

खोली झाडायच्या आदल्या संध्याकाळी तोच एसी खोली मस्त गार करत होता! बाहेरचं युनिट उघडलं. नवा कपॅसिटर बसवला. नाही. दुसरा बसवला. नाही. वायर, सेन्सर, व्होल्टेज, सगळं बरोबर. शेवटी अभिमान गिळून मेकॅनिकला बोलावलं. त्याने तासभर तपासलं.

"सर, सगळं ओके आहे. चालायला पाहिजे."

"पण चालत नाही ना?"

"तेच म्हणतोय मी. चालायला पाहिजे." आणि गेला.

गुरुजींच्या कपाळावर घामाचे थेंब जमायला लागले होते. आई पदराने टिपत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की चौथीत नापास झालो असतो तर बरं असं वाटलं. मी सुट्या भागांचा डबा उपसत होतो. तिने त्यात डोकावून पाहिलं.

"त्यो कुटं हाय?"

"कोण?"

"फुगलेला."

"भंगारात दिला."

"पुजलेला व्हता रे त्यो! पुजलेलं भंगारात देत्यात व्हय? गुरुजी, बगा तुमचा विद्यार्थी!"

गुरुजी आडवे पडल्या पडल्या हसले. पण एक थेंब भुवईपर्यंत आला होता, तो मला दिसत होता. आईशी वाद घालण्यापेक्षा गाडी काढलेली बरी म्हणून निघालो.

भंगारवाले रफिकभाई ढिगाशेजारी चहा पीत होते. "सर, दिये सो चीज वापस कायकू होना?"

"कॉलेजच्या प्रयोगाला," मी थाप मारली.

त्यांनी ढीग उपसला आणि कपॅसिटर काढला. पाहून दचकलेच. "इसपे तो कुंकू है! लेके जाव सर, लेके जाव. हमारे पास नको."

साडेतीन वाजता मी घरी आलो. कपॅसिटर हातात, जिना चढतोय. वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि बाहेरचं युनिट धाड्कन सुरू झालं. मी कशालाही हात लावला नव्हता.

"आला!" आतून आई म्हणाली. पाहुणा आल्यासारखी.

मी लगेच गुरुजींना समजावलं – कॉम्प्रेसर तापून आपोआप बंद झाला असेल, थंड झाल्यावर सुरू झाला.

"ऊन उतरलं का, दत्ता?"

"नाही."

"मग थंड कसा झाला?"

गुरुजी उठून बसले. "उद्या चाचणी घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरात जे झालं ते पाहून माझ्या प्राचार्यांनी मला कामावरून काढलं असतं. माझ्याकडे लॅबमधला तसाच एक जळका कपॅसिटर होता. गुरुजींच्या सांगण्यावरून आईने स्वयंपाकघरात दोन्ही कपॅसिटर वर्तमानपत्रात सारखेच गुंडाळले. एका पुड्याला तांबडा दोरा, दुसऱ्याला पांढरा. कुठला कशात, ते मला माहीत नाही, गुरुजींना माहीत नाही.

"मला ठावं हाय," आई म्हणाली.

"बाई, तुम्ही सांगायचं नाही."

"न्हाय सांगत. पर त्याला सवताला तर ठावं हाय की!"

मी पांढऱ्या दोऱ्याचा पुडा घेऊन फाटकाबाहेर गेलो. एसी चालूच. परत आलो. तांबडा घेऊन गेलो. फाटक ओलांडलं आणि वरून गुरुजींची हाक आली, "बंद!" मागे आलो. "चालू!" शेजारच्या वहिनी गच्चीवरून विचारत होत्या, "सर, काही हरवलंय का?" पुडे उघडले, तर तांबड्यात कुंकवाचा. आईला पुन्हा बांधायला लावलं, या वेळी तो पांढऱ्यात निघाला. तरी तसंच. मोकळ्या हाताने जिना चढून-उतरून पाहिला, पावलांनी एखादी वायर हलत असेल म्हणून. काही नाही. तिसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, आता सात मिनिटं बाहेर थांब. चौथ्या मिनिटाला आई चष्म्याखालचा घाम टिपता टिपता खिडकीतून ओरडली, "आन त्याला आत! डोळा हाय ह्यो गुरुजींचा, तुमच्या शाळंतला बेडूक न्हाय!"

प्रयोग तिथेच थांबला. मी गुरुजींच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकले. इतक्या वर्षांत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याकडेच मिळालं होतं.

"गुरुजी, कारण काय असेल?"

"माहीत नाही."

"मग प्रयोगवहीत काय लिहू?"

"पाहिलंस ते लिही. कारणाची घाई करू नको. चुकीचं कारण लिहिण्यापेक्षा जागा कोरी राहिलेली बरी."

नंतर मी कॉलेजातल्या सरांना विचारलं, मेकॅनिकला परत विचारलं, इंटरनेटवर रात्रंदिवस शोधलं. जळालेल्या कपॅसिटरला वायर जोडलेली नाही, त्यात करंट नाही. लोखंडी जिना, फाटक, मोबाईल टॉवर, सगळं धरून पाहिलं. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रिकलवाले असाल तर जरूर सांगा. जागा अजून कोरी आहे.

आठ दिवस गुरुजींच्या डोळ्यात घामाचा थेंब जाऊ दिला नाही आम्ही. म्हणजे मी, आई आणि... असो. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर खूश झाले. जखम उत्तम भरली होती. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ गुरुजींनी घडाघडा वाचली, आणि मला बाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं.

परत आत आलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, "दुसरा डोळा डिसेंबरात करू, काका. हवा गार असते, काही त्रास नाही."

"नको," गुरुजी म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात करू."

"अहो, भर उन्हाळ्यात? कशासाठी?"

गुरुजींनी काही सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर मी काकुळतीला येऊन म्हटलं, "गुरुजी, डॉक्टर बरोबर सांगतायत. हिवाळ्यात एसीसुद्धा लागणार नाही."

ते नव्या डोळ्याने दुकानांच्या पाट्या वाचत होते. वाचता वाचताच म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी, दत्ता. तीनच निरीक्षणं झालीत."